मुलांच्या मेंदूतील गुठळी



पावसाळ्यात ओढ्यावरची मोरी तुंबली म्हणजे काय होते, ते चंदगडकरांना आम्ही सांगायला नको. पाणी पुढे सरत नाही, मागच्या शेतात चढते आणि बांध फोडते. आजच्या आजाराचे रूप असेच आहे. पक्षाघात म्हटला की मेंदूकडे रक्त नेणारी धमनी बंद पडली, असे आपण समजतो. येथे गुठळी होते ती मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरेत. मग मागे रक्त साचते, मेंदू सुजतो, कधी आत रक्तस्रावही होतो.

आपल्याकडे हा आजार बाळंतिणींचा मानला जाई. तो समज निराधार नव्हता. बंगळूरच्या निम्हान्समध्ये अशा बाळंतिणींचा पुष्कळ अभ्यास झाला, आणि त्यांचे पाणी तोडण्याच्या रीतीकडेही डॉक्टरांनी बोट दाखवले. पण मुलांचे काय?

कॅनडातील मुलांच्या रुग्णालयांनी 1992 पासून याची नोंद ठेवली, ती 2001 साली प्रसिद्ध झाली. दर लाख मुलांमागे वर्षाला 0.67, म्हणजे दीड लाख मुलांत एक. आपल्या तालुक्याची वस्ती 2011 च्या जनगणनेत दोन लाखांच्या आतच होती. त्यांत साठ हजार मुले धरली, तर या हिशेबाने अडीच वर्षांत एखादे मूल. एवढ्यासाठी व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल!

परंतु खानेसुमारीत घर चुकते, तसे येथे मूल चुकते. ज्याचा आजार ओळखला गेला तेवढेच मोजले जाते. त्या नोंदीतील 160 मुलांपैकी शंभरी 43 ही महिन्याच्या आतली बाळे होती. तान्ह्या बाळाला डोके दुखते असे सांगता येत नाही. ते ओढून पीत नाही, मलूल पडते, त्याला आकडी येते. आकडी आली की घरात कोणी कांदा हुंगवतो, कोणी अंगारा लावतो. मोठ्या मुलाची डोकेदुखी चार-आठ दिवस चढत जाते, ओकाऱ्या होतात, एकाचे दोन दिसते. त्याला पित्त म्हणतात. त्या नोंदीत शंभरी आठ मुले दगावली आणि 38 जणांत काही ना काही अधूपण राहिले. तेव्हा आजार विरळा असला तरी हलका नव्हे.

आता मोरी तुंबते कशाने? पुष्कळदा जुलाब-ओकाऱ्यांनी मूल सुकते आणि रक्त घट्ट होते. जुलाबात पाणी तोडणारी आजी आम्हांला अजून भेटते. तिचा हेतू वाईट नसतो. पाणी दिले की जुलाब वाढतात, असे तिने डोळ्यांनी पाहिले आहे, असे ती म्हणते. तिला आम्ही बनगावची हकीकत सांगतो. 1971 साली तेथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ होती, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले, नातेवाइकांनीच ते पाजले, आणि माणसे वाचली.

दुसरे कारण फुटलेला कान. कानामागच्या हाडाला लागूनच मेंदूची एक मोठी शीर उतरते. पू हाडात शिरला की शिरेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. लंडनच्या सायमंड्स यांनी 1931 साली कान वाहणाऱ्या मुलांच्या डोक्यातील वाढलेल्या दाबाचे वर्णन केले. त्यामागे ही गुठळी असते, हे पुढे उमगले. आपण मात्र त्या कानात गरम तेल सोडतो. अंगात रक्त कमी असलेल्या, पांढुरक्या मुलांतही हा आजार आढळतो.

निदानाची एक अडचण सांगून ठेवतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये ही गुठळी सुटू शकते. शिरांचे वेगळे चित्र एमआरआयवर काढावे लागते. त्यासाठी आपल्याला बेळगाव जवळ, कोल्हापूर लांब. उपचारात रक्त गोठू न देणारे हेपारिन देतात. थोडा रक्तस्राव झालेला असतानाही ते देता येते, हे ऐकून घरचे लोक दचकतात; पण 1991 साली म्युनिकच्या डॉक्टरांनी मोठ्या माणसांत ते करून दाखवले, आणि मुलांतही आता नीट देखरेखीखाली देतात.

कोठे पाठवायचे ते डॉक्टर ठरवतील. गाडीत बसण्यापूर्वी आईने तीन गोष्टी मात्र आठवून ठेवाव्या : जुलाब किती दिवस झाले, शेवटची लघवी केव्हा झाली, आणि कान वाहत होता का.