देवीचं नाव घेतल्याशिवाय

(धुळे येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'स्त्रिया आणि प्रवास' या विषयावर बोल, असं मला सांगितलं तेव्हा आधी हसूच आलं. आपल्यातल्या किती जणी निव्वळ हिंडायला म्हणून घराबाहेर पडल्यात? हात वर करा बघू. ...सात. आठ. बाकीच्या कुठे जातच नाहीत असं नाही. माहेरी जातो, लग्नाला जातो, बाळंतपणाला, दवाखान्यात, मयतीला जातो. पण बाईच्या जाण्याला कारण लागतं, आणि ते कारण दुसऱ्या कुणाचं तरी असावं लागतं.

जळगावची माझी एक मैत्रीण नोकरी करते. तिने मला बाली बेटाच्या सहलीचं पत्रक दाखवलं. त्याला 'संथ प्रवास' म्हणतात म्हणे. गाडीने धावायचं नाही, खेड्यात मुक्काम करायचा, भातखाचरांतून चालायचं, जुनी देवळं निवांत पाहायची, गावातल्या बाईच्या हातचं जेवायचं. मी म्हटलं, अगं, हे तर आपल्या बायका दर चैत्रात करतात! कळण्याची भाकर नि ठेचा पिशवीत बांधून.

वणीच्या पायी वारीबद्दल बोलतेय मी. सप्तशृंगी ही खानदेशातल्या असंख्य घरांची कुलदेवी. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा असते आणि धुळे-जळगावकडची माणसं आग्रा रोडने पायी निघतात. दोन वर्षांपूर्वी मीही निघाले. भाविक म्हणून नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगते. धुळे तालुक्यातल्या ज्या गावात मी बचत गटाचं काम करते, तिथल्या तेवीस बायका जात होत्या. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला समुदाय संघटन शिकवलं होतं. चार वर्षं बैठका घेऊन माझ्या हाती काय लागलं होतं, तर हप्ता आणि सह्या. म्हटलं, यांच्याबरोबर चालून बघू.

खानदेशातलं चैत्रातलं ऊन तुम्हाला मी काय सांगणार. पारा चाळिशीच्या वर. म्हणून दुपारी झाडाखाली पडायचं आणि पहाटे नि रात्री चालायचं. पहिल्याच रात्री पन्नाशीची एक काकू मला म्हणाली, लग्नानंतर रात्रीच्या रस्त्यावर अशी मोकळी कधी चाललेच नव्हते. शेजारून ट्रक जात होते, वर चांदणं होतं आणि या बायका मोठमोठ्यानं हसत होत्या. हसताना तोंडावर पदर नव्हता. तिला विचारलं, घरचे सोडतात कसे? म्हणाली, "देवीनं नाव लिधं म्हंजे घरना कोनी नही म्हनत नही."

झोडग्याला रस्त्यालगत माणकेश्वराचं यादवकालीन देऊळ आहे. बसने मी तिथून शंभरदा गेले असेन, उतरले एकदाही नव्हते. बायका तिथे दोन तास टेकल्या. भिंतीवरच्या दगडी सुरसुंदरीकडे बघून एकीने विचारलं, "हिले काही काम नही का? नाची ऱ्हायनी नुसती." सगळ्या हसल्या. मग तीच बराच वेळ त्या मूर्तीवरून हात फिरवत बसली.

माझी आई सांगते, १९९४ साली जळगावचं ते प्रकरण उघडकीला आलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या मुलींचे क्लास बंद झाले. गुन्हा पुरुषांचा, घरात बसल्या मुली. त्या पार्श्वभूमीवर या तेवीस जणींचं रात्रीचं चालणं मला फार मोठं वाटलं, आजही वाटतं.

पण आज ज्यासाठी उभी राहिले ती गोष्ट तिसऱ्या दिवसाची आहे.

मालेगाव मागे टाकून आम्ही देवळ्याकडे निघालो होतो. एक सून चालता चालता खाली बसली ती उठेचना. अंग तापलेलं, ओठ फुटलेले. ऊन लागलं असं सगळे म्हणाले. पाणी घेऊन गेले तर ती पिईना. शेवटी कानात म्हणाली, ताई, प्यायले तर जायला लागेल, आणि जाऊ कुठे? तिने आदल्या दुपारपासून पाणी जवळजवळ सोडलं होतं. लघवीला जळजळ होत होती. मग चौकशी केली तर थोड्याफार फरकाने सगळ्यांचं तेच! रस्त्यात जागोजागी मंडप होते. ताक, सरबत, पायाला लावायला तेल, मोठ्या भक्तिभावाने सगळं देत होते. ते पाणी पोटात गेल्यावर बाईने काय करायचं, हे एकाही मंडपवाल्याच्या डोक्यात आलेलं नव्हतं. मुक्कामाच्या एका गावात शाळेला संडास होता, त्याला कुलूप. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई लग्नाला.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. तेवीसपैकी नऊ जणींनी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. औषधाच्या दुकानातून, डॉक्टरला न विचारता. त्यातल्या एकीला रक्तदाबाचा त्रास. का घेतल्या? गडावर अडचण नको म्हणून. आता गडावर कुणी बाईला असं विचारत बसत नाही. पहारा आपल्याच मनात बसवलेला आहे. त्या बालीमध्येही देवळांच्या दाराशी पाट्या असतात, पाळी आलेल्या बाईने आत येऊ नये म्हणून. समुद्र ओलांडला तरी पाटी तीच. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट सांगितलं की, १९५६ च्या कायद्याप्रमाणे जिथे पुरुष जातो त्या देवळात बाईलाही जाता आलं पाहिजे. कायदा झाला, निकाल झाला. पण आपली बाई अजून औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय उभी आहे.

तुमच्यातल्या काहींना वाटेल, ही देवाधर्माची कामं आपण कशाला अंगावर घ्यायची? मलाही वाटायचं. देवीच्या नावाशिवाय बाईला रस्ता मिळत नाही हे मला मान्य नाहीच. ते नाव न घेताही तिला जाता यावं. पण तोवर जो एक रस्ता तिने स्वतः मिळवलाय, त्यावर तिने तहानलेलं चालायचं का?

गेल्या चैत्रात आम्ही थोडं केलं. प्रत्येकीने एक जुनं लुगडं जास्त घेतलं, चार काठ्या घेतल्या आणि आडोसा सोबतच नेला. निघायच्या महिनाभर आधी मुक्कामाच्या पाच गावांच्या ग्रामपंचायतींना पत्रं दिली: शाळेचे संडास रात्री उघडे ठेवा, पाणी ठेवा, दिवा लावा. तीन गावांनी ठेवले. एकाने उत्तर दिलं नाही. एका सरपंचबाईंनी तर स्वतः कंदील घेऊन दाराशी बसून काढली रात्र. गोळ्यांबद्दल निघण्याआधी बैठक घेतली, नर्सताई आल्या होत्या. नवाच्या चार झाल्या. दोघींना वाटेतच पाळी आली, दोघीही गड चढल्या. सासूंना सांगितलं का, ते मी विचारलं नाही.

जळगावच्या मैत्रिणींनाही सांगायचंय. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून ज्येष्ठात निघते. बुलढाणा, जालना, बीड करत महिन्याभराने पंढरपूरला पोचते. चांगदेवासारख्या योग्याने जिला गुरू मानलं त्या मुलीची पालखी, आणि तिच्यामागे चालणाऱ्या बायकांचे हाल वेगळे असतील असं मला वाटत नाही. तुमच्यातल्या कुणी एकदा चालून बघाल का? चार मुक्काम तरी.

आग्रा रोडवर किंवा देवळा-कळवण-नांदुरी या बाजूला ज्यांच्या गटाची गावं आहेत, त्यांनी जेवणाआधी जरा मागच्या खोलीत थांबा. मुक्कामांची वही आणलीय. कोणत्या गावात किल्ली कोणाकडे असते, एवढंच लिहायचं आहे.