गावाचे मैदान, गावाची माणसे : आयर्लंडच्या देशी खेळांची लोकचळवळ



आयर्लंडचे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जी होमरूल चळवळ उभारली, तिचे नावच मुळी आयर्लंडच्या स्वराज्यलढ्यातून आलेले होते. त्या लढ्याची राजकीय बाजू आपल्याला पुष्कळशी ठाऊक आहे. परंतु त्याच काळात तेथे खेळाच्या क्षेत्रात जी एक संस्था जन्मास आली, तिची माहिती आपल्याकडे फारशी नाही. ‘गेलिक अॅथलेटिक असोसिएशन’ हे तिचे नाव. सुमारे १४० वर्षे ही संस्था मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालत आली आहे. ती कशी चालते आणि गावाच्या जीवनात तिचे स्थान काय, एवढाच आजचा माझा विषय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. सुमारे १० लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि तितकीच देशोधडीला लागली. गावे ओस पडली. त्याबरोबर भाषा आणि देशी खेळही मागे पडू लागले. या पार्श्वभूमीवर १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्लस या गावी मोजकी माणसे एकत्र आली. त्यांत पुढाकार होता मायकेल क्यूसॅक या शिक्षकाचा. नामांकित खेळाडू मॉरिस डेव्हिन हे पहिले अध्यक्ष झाले. आर्चबिशप क्रोक, होमरूलचे नेते पार्नेल आणि शेतकऱ्यांचे पुढारी मायकेल डेव्हिट यांनी आश्रयदाते होण्याचे मान्य केले. एका शिक्षकाच्या तळमळीतून एवढी मोठी लोकसंस्था उभी राहिली, याची येथील शिक्षकवर्गाने अवश्य नोंद घ्यावी.

या संस्थेचे प्रमुख खेळ दोन : हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. हर्लिंगमध्ये अॅश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी रुंद व चपटी अशी काठी घेऊन लहानसा कठीण चेंडू टोलवतात. दोन्ही खेळांत एका बाजूस १५ खेळाडू असतात. गोलखांबांमधील आडव्या दांड्याखालून चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण. दांड्यावरून गेला तर सामान्यतः एक गुण. स्त्रियांच्या हर्लिंगला कॅमोगी म्हणतात. २०१८ साली युनेस्कोने हर्लिंगचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

संस्थेची रचना समजावून घेण्याजोगी आहे. पाया आहे गावचा क्लब. बहुधा एका पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गाव व वाड्यावस्त्यांचा, एक क्लब असतो. त्यावर काउंटीचे मंडळ, त्यावर चार प्रांतांच्या समित्या आणि शेवटी मध्यवर्ती परिषद. आपल्या पंचायत राज्याच्या त्रिस्तरीय रचनेशी परिचित असलेल्या श्रोत्यांना ही मांडणी सहज उमगेल. आयर्लंडच्या संपूर्ण बेटाची लोकसंख्या सुमारे ७० लाख. तेवढ्यात असे १,५०० हून अधिक क्लब आहेत. ज्या गावी मनुष्य वाढतो त्याच गावच्या क्लबात तो सामान्यतः जन्मभर राहतो. अधिक बलवान संघाकडे जावे, असा विचार सहसा कोणी करीत नाही.

या क्लबांची कामे कोण करतो? गवत कापणे, मैदानावर रेषा आखणे, मुलांना सामन्यास नेणे-आणणे, पोशाख धुणे, वर्गणी गोळा करणे, हिशेब ठेवणे, ही सर्व कामे गावातील माणसेच विनावेतन करतात. कोणी शेतकरी, कोणी शिक्षिका, कोणी निवृत्त पोस्टमन. काम लहान लहान वाटण्यांत विभागलेले असल्यामुळे ज्याला खेळता येत नाही त्यालाही संस्थेत मानाची जागा मिळते. शेजाऱ्याच्या शेतात सर्वांनी मिळून राबण्याची जुनी प्रथा आयर्लंडमध्ये आहे; आपल्या इर्जिकेचीच ती बहीण. क्लबाचे काम त्याच वृत्तीने होते.

मुलांच्या बाबतीतील धोरण तर विशेष विचारार्ह आहे. १२ वर्षांखालील मुलांचे सामने असे योजले जातात की प्रत्येक मुलास पूर्ण वेळ खेळावयास मिळावे. राखीव म्हणून बाकावर बसून राहण्याची पाळी कोणावर येत नाही.

डब्लिनच्या क्रोक पार्क या मैदानावर ८२,००० हून अधिक प्रेक्षक मावतात. तेथील अंतिम सामन्यात खेळणाऱ्या खेळाडूसही वेतन मिळत नाही. प्रवासादी खर्च मिळतो. पण सामना संपला की तो आपल्या शाळेत, शेतात वा कचेरीत परततो. मैदानावर तो ज्या गावाचे नाव घेऊन उतरला, त्याच गावात तो दुसऱ्या दिवशी मुलांना सराव देताना दिसतो.

निर्णयही सभासदच घेतात. इतर देशांतून आलेले खेळ क्रोक पार्कवर खेळू द्यावेत की नाही, हा प्रश्न फार नाजूक होता. १९२० साली याच मैदानावर सामना चालू असताना ब्रिटिश सत्तेच्या सशस्त्र दलांनी गोळीबार केला होता आणि मायकेल होगन या खेळाडूसह १४ जण त्यात बळी पडले होते. असे असूनही २००५ साली प्रतिनिधींनी मतदानाने बंदी शिथिल केली आणि २००७ साली इंग्लंडचा रग्बी संघ तेथे खेळून गेला. २०२० च्या महामारीत गावोगावच्या क्लबांनी वृद्धांच्या दारी अन्न व औषधे पोहोचविली. ही माणसे त्या वेळी नव्याने शोधावी लागली नाहीत. ती आधीपासूनच संघटित होती.

अर्थात सर्व काही सुरळीत आहे असे नव्हे. खेड्यांतील तरुण शहरांकडे व परदेशी जात असल्याने कित्येक लहान क्लबांना १५ खेळाडू जमविणे कठीण झाले आहे. शेजारच्या गावांना मिळून एक संघ करावा लागतो. उलट शहरांच्या वाढत्या उपनगरांत मुले पुष्कळ आणि मैदाने अपुरी, अशी अवस्था आहे. प्रशिक्षकांना आडमार्गाने पैसे दिले जातात, हा वाद संस्थेत अनेक वर्षे चालू आहे. २०१२ साली संस्थेनेच त्यावर चर्चापत्र काढले. स्त्रियांच्या संघटना दीर्घकाळ वेगळ्या राहिल्या. त्यांचे एकत्रीकरण माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअॅलीस यांच्या मार्गदर्शनाखाली हाती घेण्यात आले. एकाच मैदानावर मुलांना आणि मुलींना समान हक्क हवा, ही त्यामागील भूमिका आहे.

शासन तेथेही अनुदान देते, आणि ते दिलेच पाहिजे. अनुदानातून भिंत, दिवे, इमारत होऊ शकते. परंतु पावसाळी संध्याकाळी दहा-वीस मुलांसाठी मैदानाचे कुलूप उघडणारा मनुष्य अनुदानातून निर्माण होत नाही. तो गावानेच घडवावा लागतो, त्याच्यावर विश्वास टाकावा लागतो आणि तो थकण्यापूर्वी त्याच्या जोडीला दुसरा उभा करावा लागतो. गावासाठी क्रीडांगण मंजूर करताना अधिकाऱ्यांनी आणि पंचायतीच्या सभासदांनी खर्चाच्या अंदाजपत्रकाबरोबर आणखी एक यादी मागवावी : या मैदानाची रोजची कामे कोणकोण वाटून घेणार आहेत, त्यांच्या नावांची. ती यादी तयार असेल तर पुढील काम पुष्कळच सोपे होईल.