संगणक सुरू होत नाही तेव्हा



बैल उठत नसला तर आपण लगेच चाबूक उचलत नाही. आधी चारापाणी बघतो, खूर बघतो. संगणकाचंही तसंच आहे.

आमच्या दूध संस्थेत एकदा काय झालं, दहा दिवसांचं बिल वाटायचं होतं. लोक दारात उभे, आणि संगणक सुरूच होईना! फोनवर एक कारागीर म्हणाला, "फॉरमॅट करून टाका." फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. अन् सगळ्यांच्या दुधाचा हिशेब त्याच पाटीवर! आम्ही म्हणालो, थांबा, आधी नीट बघू या.

पहिली वीज. प्लग घट्ट आहे का? पेटीमागचे बटण चालू आहे का?

दुसरा आवाज. पंखा फिरतो, पण पडदा काळा, तर पडद्याची वायर पाहावी. पेटी 'टीट टीट' करीत असेल, तर पुष्कळदा आतली रॅमची पट्टी ढिली झालेली असते. प्लग काढून मगच पेटी उघडावी आणि पट्टी पुन्हा घट्ट बसवावी. मात्र आतला वीजपुरवठ्याचा बंद डबा कधीही उघडू नये. प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते.

तिसरी अक्षरे. आमच्या पडद्यावर इंग्रजी ओळ आली होती. वर्गातल्या एका काकूंनी ती अक्षर अक्षर कागदावर उतरवली. सचिवांच्या मुलीने अर्थ सांगितला, "जोडलेली वस्तू काढा." मागे पाहतो तो काय! आदल्या दिवशीचा पेनड्राइव्ह तसाच. सुरू होताना लागणारा मजकूर संगणक आधी त्यातच शोधत होता. तिथे तो नव्हता, म्हणून गाडी अडली. पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं, आणि हिशेब समोर! त्याच दिवशी बिलं वाटली.

तेव्हा मंडळी, घाबरू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दोष कुठे होता ते कळतं. संगणक उठला नाही म्हणजे हिशेब बुडाला असे नव्हे. हिशेब आतल्या डिस्कवर असतो आणि बहुधा शाबूत असतो. कोणी पुसू म्हणाला, तर आधी विचारा, "नक्कल काढली का?"

आम्ही आता रोज संध्याकाळी नक्कल काढतो, आणि पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवतो.