आठाने भागण्याचा हिशेब

जुन्या संगणकातील दप्तर तारेने मुख्यालयाकडे पाठवावयाचे झाले, की प्रथम विचारले जाते ते ‘किती वेळ लागेल?’ अंदाज फसतो तो इथेच. दूरसंचार वाहिनीचा वेग बिटमध्ये सांगितला जातो, तर चकतीवरील माहिती बाइटमध्ये मोजली जाते. आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. इंग्रजीत लहान ‘बी’ म्हणजे बिट, मोठा ‘बी’ म्हणजे बाइट. एवढ्याशा अक्षराने घोटाळा होतो!

सेकंदाला ६४ हजार बिटांची वाहिनी घ्या. आठाने भागल्यावर उरतात आठ हजार बाइट. साडेतीन इंची फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट मावत. (तिचे ‘१.४४ मेगाबाइट’ हे नावही हजार आणि १,०२४ यांच्या खिचडीतून आलेले.) ती पाठविण्यास १८४ सेकंद लागतात, भागाकार विसरणारा २३ सेकंद सांगतो. एका फ्लॉपीत हे खपून जाते. आम्ही मात्र एकदा पाचशे फ्लॉप्यांसाठी तीन तासांच्या हिशेबाने माणसे बसविली. काम पंचवीस तासांवर गेले. नियंत्रणाचे बिट धरले तर त्याहूनही अधिक.

मग कोणी सुचवितो, वेगवान चकती घ्या. जुनी अल्ट्रा एटीए-३३ जोडणीसुद्धा सेकंदाला ३३ मेगाबाइटपर्यंत, म्हणजे २६४ मेगाबिट देऊ शके. समोरची ई-१ वाहिनी २.०४८ मेगाबिटांची असेल, तर तिच्यातून सेकंदाला २५६ किलोबाइटच जाणार. तेथे चकतीवर केलेला खर्च वाया जातो. मागणीपत्र वाहिनीचे हवे.