शाळा आणि आसरा
ऑगस्ट २०१९मध्ये म्हैसूर जिल्ह्यात कपिला नदी नंजनगूडच्या सखल वस्तीत शिरली. त्याच महिन्यात कृष्णा-पंचगंगेने सांगली-कोल्हापूरला वेढले. अशा वेळी लोकांची पावले साहजिकच शाळेकडे वळतात. ती सार्वजनिक, परिचयाची आणि बहुधा पक्की इमारत असते. परंतु केवळ छप्पर म्हणजे आसरा नव्हे. पिण्याचे पाणी, शौचकूप, स्त्रियांसाठी आडोसा यांची तरतूद आधीच हवी. १९९९च्या महावादळानंतर ओडिशाने किनाऱ्यावर उंच खांबांवर निवारागृहे उभारली. त्यांपैकी अनेकांत एरवी शाळा भरते. तेथे आसरा आधी योजला, वर्ग त्यात सामावले. अन्यत्र मुक्काम लांबला, की आपद्ग्रस्तांच्याच मुलांचे शिक्षण खुंटते. म्हणून शाळेचे दार उघडतानाच वर्ग पुन्हा भरण्याचा दिवसही ठरला पाहिजे.