गुडघेदुखी आणि विजेची सुई
(वडखळ येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो, आपल्या पेण-वडखळच्या बायका चिखलात वाकून लावणी करतात, गणपतीच्या कारखान्यात तासन्‌तास बसून रंगकाम करतात. गुडघा धरला की घरचे म्हणतात, "वय झालं." पण गुडघ्याची झीज पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळते. मग नुसत्या वयाला दोष कसा द्यायचा?

यावरच्या एका उपचाराची, इलेक्ट्रो-अॅक्युपंक्चरची, मी माहिती देणार आहे. गुडघ्याभोवती बारीक सुया टोचतात आणि छोट्या यंत्राने त्यांतून सौम्य वीज सोडतात. झटका बसत नाही, मुंग्या आल्यासारखं वाटतं. चीनमधल्या डॉ. हान जीशेंग यांनी दाखवलं, की या विजेमुळे शरीर स्वतःचीच वेदनाशामक द्रव्यं सोडतं. सेकंदाला २ स्पंदनांनी एन्केफॅलिन, १०० स्पंदनांनी डायनॉर्फिन. अमेरिकेत ५७० गुडघेदुखीच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. लुटुपुटीच्या उपचारापेक्षा खऱ्या उपचाराने दुखणं जास्त कमी झालं. फरक मात्र माफक होता.

झिजलेली कूर्चा याने भरून येत नाही. पेसमेकर असेल तर हा उपचार नको. गरोदर असाल तर आधी सांगा. सुईचं नवं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा, राज्यात त्यासाठी २०१५ चा कायदा आहे. सकाळी तासभर सांधे आखडत असतील, सूज असेल, तर आधी डॉक्टरांकडून आमवाताची तपासणी करून घ्या.

घरातल्या बैलाचा पाय दुखला तर त्याच दिवशी इलाज होतो. बाईच्या गुडघ्यालाही तेवढा हक्क आहे. तो मागूया.