किण्वविकार आणि संकोच

अंगावरून पांढरें जाऊं लागलें कीं स्त्री संकोचते, पुरुषास तशी खाज सुटली तर घरांत संशय शिरतो. वास्तविक हा विकार गुप्तरोगांत गणला जात नाहीं. कॅण्डिडा नांवाचें किण्व अनेक निरोगी माणसांच्या शरीरांत निमूटपणें राहतें. प्रतिजैविक औषधांनीं उपकारक जंतू मेले, गर्भारपण आलें किंवा रक्तांतील साखर चढली, कीं तें माजतें. स्त्रीस खाज, आग व दह्याच्या चोथ्यासारखा स्राव होतो. घाण वास असल्यास कारण बहुधा निराळें. पुरुषाचें शिश्नाग्र लाल होऊन खाजतें. हें वारंवार घडल्यास आधीं साखर तपासावी. कित्येकांचा मधुमेह असाच उघडकीस येतो.

एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन यांनीं १९५० सालीं निस्टॅटिन जाहीर केलें. आज क्लोट्रिमॅझोल अथवा फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी सामान्यतः पुरते. गर्भिणीनें मात्र ती गोळी टाळावी. दुकानांतून परस्पर आणलेलें स्टिरॉइडमिश्रित मलम खाज दडपतें नि विकार वाढवितें.

कपडे सुती व सैल असावेत, अंग कोरडें ठेवावें. आंतून साबणानें धुण्याचें सोवळें तर योनीचें नैसर्गिक संरक्षणच धुऊन काढतें.